एक मिलिमीटरच्या अंड्यावरून मासा ओळखायचा कसा?

‘अमुक माशाचा साठा घटला’, ‘यंदा पकडीवर मर्यादा’ अशा बातम्या अधूनमधून येतात आणि त्यांत हमखास एक आकडा असतो: इतके लाख टन. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, समुद्रात उतरून हे मोजलं कुणी? मासे एका जागी थांबत नाहीत, वरून दिसत नाहीत, जाळ्याला हुलकावणी देतात. तरीही आकडा येतो, आणि त्यावर मच्छीमारांचा अख्खा हंगाम ठरतो.

यातल्या कितीतरी आकड्यांची सुरुवात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेल्या एका काचेच्या बशीत होते. बशीत समुद्रातून गाळून आणलेली माशांची अंडी असतात आणि समोर बसलेला माणूस एकेक अंडं निरखून ठरवत असतो, हे कोणत्या माशाचं. मत्स्यविज्ञानात इतकं मोलाचं आणि इतकं दुर्लक्षित काम दुसरं नसेल, असं माझं मत आहे. इथे नाव चुकलं, तर पुढचं गणित कितीही काटेकोर केलं तरी उत्तर चुकीचंच येणार.

## अंडी असतात कुठे?

बहुतेक समुद्री मासे घरटं बांधत नाहीत आणि पिल्लं सांभाळत नाहीत. मादी पाण्यात अंडी सोडते, नर तिथेच शुक्राणू सोडतो, आणि फलित अंडी प्रवाहाबरोबर वाहू लागतात. प्रवाह नेईल तिकडे जाणाऱ्या अशा सगळ्या जीवांना मिळून प्लँक्टन म्हणतात. हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सेन यांनी १८८७ मध्ये रूढ केला. तरंगणारी अंडी मोजून मोठ्या माशांच्या संख्येचा अंदाज बांधायचा, या विचाराचा पायाही त्यांनीच घातला.

त्याआधी माशांची अंडी तळाशीच पडून असतात, असा सर्वसाधारण समज होता. १८६० च्या दशकात नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपाशी गेऑर्ग ओसियान सार्स यांना कॉड माशाची अंडी चक्क पृष्ठभागाजवळ तरंगताना सापडली. या शोधाने पुढचा सगळा मार्ग मोकळा झाला. अंडी तरंगत असतील तर ती गाळता येतात. आज त्यासाठी जहाजामागून शंकूच्या आकाराचं बारीक जाळं ओढतात. त्याची भोकं साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर असतात, आणि तोंडाशी बसवलेलं मापक किती पाणी गाळलं गेलं ते नोंदवतं. पाण्याचं माप कळलं की दर घनमीटरला किती अंडी, हे सांगता येतं.

अपवाद आहेतच. हेरिंग माशाची चिकट अंडी तळाच्या दगड-वाळूला आणि पाणवनस्पतींना धरून राहतात. शार्क आणि पाकट यांची तऱ्हा तर पूर्ण निराळी. ही मंडळी या जाळ्यात येत नाहीत, म्हणून हा लेख तरंगणाऱ्या अंड्यांपुरता आणि त्यांतून निघणाऱ्या पिल्लांपुरता आहे. अंडं फुटल्यापासून ते पर आणि इतर अवयव पुरते घडून माशाचं रूप येईपर्यंतच्या पिल्लाला डिंभ म्हणतात. पुढे तोच शब्द वापरतो.

## सगळी सारखीच दिसतात, मग फरक कसा करतात?

दिसतात सारखीच, हे खरं आहे. तरंगणाऱ्या अंड्यांतली बहुसंख्य गोल, काचेसारखी पारदर्शक आणि एक मिलिमीटरच्या आसपास असतात. आई वीतभर असो की माणसाएवढी, अंड्याच्या आकारावरून ते फारसं कळत नाही.

म्हणून तज्ज्ञ एका खुणेवर विसंबत नाही, चार-पाच खुणा जुळवतो. आधी आकार: मांदेलीच्या कुळातल्या अनेक अँकोव्हींची अंडी लांबट असतात, त्यामुळे ती झटकन वेगळी काढता येतात. मग कवच: बहुतेकांचं गुळगुळीत, पण ड्रॅगोनेट या छोट्या तळमाशाच्या अंड्यावर षटकोनी जाळीची नक्षी असते, आणि काही पाखरूमाशांच्या अंड्यांना लांब तंतू असतात, ज्यांनी ती तरंगत्या वस्तूंना अडकून राहतात. त्यानंतर कवच आणि आतला बलक यांच्यामधली मोकळी जागा. बहुतेक अंड्यांत ती अगदी चिंचोळी असते. तारलीच्या कुळातल्या सार्डिनच्या अंड्यात मात्र इतकी ऐसपैस की बलक मध्यभागी सुटा लोंबकळल्यागत वाटतो. बलक एकसंध आहे की त्यात खंड पडलेले दिसतात, हेही बघतात.

शेवटी तेलाचा थेंब. पुष्कळ अंड्यांत बलकाबरोबर तेलाचा एक किंवा अनेक थेंब असतात. थेंब आहे की नाही, किती आहेत, त्याचा व्यास किती, आणि अंडं फुटल्यावर तो पिल्लाच्या तोंडाकडे राहतो की शेपटीकडे, या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराने उमेदवारांची यादी छोटी होत जाते. कॉडच्या अंड्यात असा थेंब नसतो. मॅकरेलच्या, म्हणजे आपल्या बांगड्याच्या कुळातल्या माशाच्या, अंड्यात एक असतो.

इतकं करूनही एक मोठा ढीग उरतो: गोल, गुळगुळीत, एक मिलिमीटरचं, तेलाचा एक थेंब असलेलं. एकमेकांशी दूरचंही नातं नसलेले कितीतरी मासे नेमकं असंच अंडं घालतात. खरी परीक्षा तिथे असते. पट्टी लावून व्यास मोजला म्हणजे भागलं, असंही नाही, कारण एकाच जातीत आकार बदलतो. बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारट आहे. तिथे तरंगून राहण्यासाठी कॉडची अंडी इतर ठिकाणच्या कॉडपेक्षा मोठी असतात. अनेक जातींत हंगामाच्या सुरुवातीची अंडी मोठी आणि शेवटची लहान निघतात. त्यामुळे नमुना कुठला, कोणत्या महिन्यातला, त्या वेळी तिथे कोणकोणते मासे अंडी घालत होते, ही माहिती सूक्ष्मदर्शकाइतकीच कामाची असते.

## सगळ्यात गरजेचं अंडं सगळ्यात मुकं

या विषयातली मला सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट ही आहे.

अंडं जसजसं वाढतं तसतशा खुणा वाढतात. आत भ्रूण दिसू लागतो, त्याच्या अंगावर काळे रंगकण उमटतात, आणि कोणत्या जातीत ते कुठे उमटतात हे बरंचसं ठरलेलं असतं. म्हणजे फुटायला आलेलं अंडं ओळखणं त्या मानाने सोपं. पण साठ्याचा हिशेब करायचा तर ताजी अंडी लागतात. कारण दर तासाला काही अंडी मरतात, काही खाल्ली जातात. जुन्या अंड्यांच्या संख्येत ही घट आधीच झालेली असते. मादीने मुळात किती अंडी घातली, हे ताज्या अंड्यांवरूनच नीट कळतं. आणि ताज्या अंड्यात काय असतं? एका टोकाला काही पेशी, बाकी बलक. ना भ्रूण, ना रंगकण.

म्हणून ओळखीबरोबर वयही ठरवावं लागतं. पेशींचं विभाजन कुठवर आलंय ते बघतात आणि पाण्याचं तापमान त्याला जोडतात, कारण उबदार पाण्यात वाढ वेगाने होते. उष्ण समुद्रांतल्या अनेक माशांची अंडी दिवसभरात फुटतात. थंड पाण्यात कॉडच्या अंड्याला दोन-तीन आठवडेही लागतात.

## अंड्यांवरून टन कसे निघतात?

हिशेब ऐकायला वाटतो त्यापेक्षा सरळ आहे. समजण्यासाठी आकडे मी मनाचे घेतो.

समजा, एका भागात एका दिवसात एक हजार कोटी अंडी घातली गेली. एक मादी एका वेळी दहा हजार अंडी घालते. म्हणजे त्या दिवशी दहा लाख माद्यांनी अंडी घातली. पण रोज सगळ्याच माद्या अंडी घालत नाहीत. समजा, दहातली एक घालते. मग एकूण माद्या एक कोटी. तेवढेच नर धरले तर दोन कोटी मासे. सरासरी वजन वीस ग्रॅम असेल तर साठा झाला चारशे टन.

यातली माद्यांबद्दलची माहिती पकडलेल्या माशांच्या अंडाशयाचे पातळ काप तपासून मिळते. काल-परवा अंडी घातल्याच्या खुणा त्यात काही काळ टिकतात. ही पद्धत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्हीसाठी विकसित झाली आणि १९८० च्या दशकात इतरत्र पसरली. त्याच किनाऱ्यावर सार्डिनची मासेमारी कोलमडल्यानंतर १९४९ मध्ये कॅलकोफी नावाचा पाहणी कार्यक्रम उभा राहिला आणि तो अजून चालू आहे. अटलांटिकच्या ईशान्य भागात मॅकरेलच्या अंड्यांची मोठी पाहणी १९७७ पासून दर तीन वर्षांनी होते. अनेक देशांची जहाजं त्यात भाग घेतात.

आता वरच्या उदाहरणात हजार कोटींपैकी निम्मी अंडी दुसऱ्याच माशाची होती असं समजा. साठा चारशे नव्हे, दोनशे टन. पकडीची परवानगी मात्र चारशे धरून दिलेली.

हे कल्पनेतलं संकट नाही. आयरिश समुद्रात कॉडचे साठे खालावलेले असताना तिथल्या ‘कॉडसारख्या’ ताज्या अंड्यांची डीएनए तपासणी झाली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की कॉडची म्हणून धरली गेलेली बरीच अंडी त्याच्या भाऊबंदांची, विशेषतः व्हाइटिंगची होती. म्हणजे कॉडची अंडी आहेत त्यापेक्षा जास्त मोजली गेली असण्याची शक्यता मोठी होती. सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्यांचा यात हलगर्जीपणा नव्हता. या माशांच्या ताज्या अंड्यांचे व्यास एकमेकांत मिसळतात आणि तेलाचा थेंब त्यांच्यापैकी कुणातच नसतो. डोळ्याला दिसेल असा फरक तिथे नव्हताच.

## डिंभ तरी ओळखू येत असेल?

अंड्यापेक्षा नक्कीच, पण आईबापांच्या रूपावरून नव्हे. डिंभ मोठ्या माशाची छोटी प्रत नसतो. तरंगत जगण्यासाठी त्याचं शरीर वेगळंच घडलेलं असतं. हेकरूच्या कुळातल्या डिंभांना पाठीवर आणि पोटाखाली अंगाच्या मानाने अवाढव्य काटे असतात, जे मोठेपणी राहत नाहीत. लेपासारख्या चपट्या माशांच्या डिंभाला दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. पुढे एक डोळा डोक्यावरून सरकत पलीकडे जातो आणि मासा एका कुशीवर पडून राहू लागतो.

या रूपांतराने मोठमोठ्यांना चकवलं आहे. पातळ, पारदर्शक, पानाच्या आकाराच्या एका माशाला १८५६ मध्ये स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं होतं. चाळीस वर्षांनी जोव्हान्नी ग्रासी आणि साल्वातोरे कालांद्रुचो या इटालियन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की तो युरोपातल्या वाम माशाचा डिंभ आहे. मग योहान्स श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं अटलांटिक पालथा घालून अधिकाधिक लहान डिंभ कुठे मिळतात याचा माग काढला आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सरगासो समुद्रावर बोट ठेवलं. युरोपच्या नद्यांत वाढणारा मासा हजारो किलोमीटर दूर जन्मतो, हे अशा डिंभांच्या लांबीवरून कळलं.

याहून थक्क करणारी गोष्ट २००९ ची. खोल समुद्रातल्या तीन वेगवेगळ्या कुळांत मोडणारे मासे ही खरं तर एकाच कुळाची माणसं निघाली: एक कूळ डिंभांचं, एक नरांचं, एक माद्यांचं. दिसायला ते इतके वेगळे की तोवर त्यांची नावं, कुळं सगळं निराळं लिहिलं गेलं होतं.

डिंभ ओळखण्याची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे अंगावरचे स्नायूंचे पट्टे. डिंभ पारदर्शक असल्याने ते मोजता येतात, आणि त्यांची संख्या मोठ्या माशाच्या मणक्यांच्या संख्येशी जवळपास जुळते. हेरिंगच्या डिंभात ते पन्नाशीच्या घरात, पुष्कळशा काटेरी परांच्या माशांत पंचविसाच्या आसपास, आणि वामीत शंभराच्या वर. मासा आयुष्यभर जे बरोबर नेणार आहे, ते इथे पहिल्या दिवसांत मोजायला मिळतं. त्याच्या जोडीला आतड्याची लांबी: हेरिंग-सार्डिनच्या डिंभात गुदद्वार फार मागे असतं, अँकोव्हीत थोडं पुढे. आणि रंगकणांची जागा. नमुने टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिन या द्रावणात पिवळे-लाल रंग लवकर उडतात, काळे टिकतात. म्हणून ओळखीची चित्रं काळ्या ठिपक्यांवर उभी असतात. जाळ्याच्या घर्षणाने कातडी सोलवटली की तेही जातात.

## मुळात हे पहिल्यांदा ठरवलं कसं?

दोन मार्ग आहेत. पहिला खात्रीचा: माहीत असलेल्या मादीची अंडी माहीत असलेल्या नराकडून फलित करायची, पिल्लं टाकीत वाढवायची आणि रोज चित्र काढायचं. पण खोल पाण्यातल्या, नाजूक, टाकीत न जगणाऱ्या माशांचं काय करणार?

त्यांच्यासाठी दुसरा मार्ग. एखाद्या माणसाचं तान्हेपणचं चित्र ओळखू येत नसेल तर घरचा अल्बम आजपासून मागे उलटत जावा, तसं इथे करतात. ज्याची ओळख निर्विवाद आहे असा छोटा मासा घ्यायचा, त्याहून थोडा लहान, त्याच्याशी खुणा जुळणारा शोधायचा, मग त्याहून लहान, असं करत अगदी कोवळ्या डिंभापर्यंत पोचायचं. मध्ये एक टप्पा जरी गहाळ असला तरी साखळी दुसऱ्याच जातीला जोडली जाण्याचा धोका असतो. जगातल्या बहुसंख्य समुद्री माशांच्या अंड्यांचं वर्णन अजून झालेलंच नाही, ते या कष्टांमुळे.

## आता डीएनए आहे, मग डोळे कशाला?

ही शंका सगळ्यात जास्त ऐकू येते आणि ती रास्त आहे. २००३ मध्ये पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की प्राण्यांच्या एका ठरावीक जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून जात ओळखता येईल. माशांच्या अंड्यांना ही पद्धत वरदानच ठरली. २००९ च्या मे महिन्यात पश्चिम पॅसिफिकमध्ये जपानी वामीची ३१ अंडी सापडली. निसर्गात वामीचं अंडं मिळण्याची ती पहिली वेळ, आणि त्यांची खात्री डीएनएमुळेच पटली.

तरी डोळ्यांची सुट्टी होत नाही. फॉर्मॅलिन आकार छान टिकवतं पण डीएनएची मोडतोड करतं, आणि जुने नमुने बहुतेक फॉर्मॅलिनमध्येच आहेत. अल्कोहोलमध्ये डीएनए टिकतं, पण अंडी सुरकुततात, पांढरी पडतात. ट्यूनाच्या काही जाती एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की तो तुकडा त्यांच्यात धड फरकच करू शकत नाही. सगळा नमुना एकत्र घोटून वाचला तर कोणकोणते मासे आहेत ते कळतं. प्रत्येकाची अंडी किती, हे विश्वासाने सांगता येत नाही. अंड्याचं वय तर अजिबात कळत नाही, आणि वयाशिवाय वरचा हिशेब अडतो.

शिवाय डीएनएचा तुकडा जुळवायचा कशाशी? आधी कुणीतरी अचूक ओळखलेल्या माशाच्या तुकड्याशी. ती पहिली ओळख चुकली असेल तर यंत्र तीच चूक पूर्ण आत्मविश्वासाने परत करत राहतं.

## सरळ मोठे मासेच मोजा की

मोजतातही. ध्वनिलहरी सोडून थवे मापतात, जाळी ओढून बघतात. पण थवा जहाजाच्या चाहुलीने दूर जातो आणि प्रत्येक जाळं काही मासे सोडतंच. अंडी पळून जात नाहीत. वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवले की कुठे गडबड आहे ते दिसतं, म्हणून अनेक पद्धती लागतात.

डिंभांकडे बघण्याचं आणखी एक कारण आहे. नॉर्वेचे योहान योर्ट यांनी १९१४ मध्ये दाखवलं की एखाद्या वर्षी जन्मलेले मासे पुढची अनेक वर्षं सगळ्या पकडीवर वर्चस्व गाजवतात. १९०४ मध्ये जन्मलेली हेरिंग वर्षानुवर्षं जाळ्यात येत राहिली. चांगलं वर्ष की वाईट, हे बरंचसं डिंभाच्या कोवळ्या वयात, अन्न मिळण्या-न मिळण्यावर ठरत असावं, असं त्यांनी मांडलं. त्या विचारावर शास्त्रज्ञ आजही वाद घालत आहेत.

अंडी गाळून आपणच मासे संपवत नाही ना, असंही काही जण विचारतात. कॉडची मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी घालते, आणि संख्या स्थिर राहायची तर तिच्या आयुष्यभरातल्या अंड्यांतून सरासरी दोनच मासे मोठे व्हावे लागतात. पाहणीच्या जाळ्यात येणारा वाटा त्यापुढे नगण्य आहे.

## फोटोवरून यंत्र ओळखेल का?

काही ठिकाणी ओळखू लागलंय. पाण्यातच फोटो काढणारे कॅमेरे आणि चित्रं वर्गवार लावणारे संगणक आले आहेत, आणि सहज वेगळी दिसणारी अंडी ते भराभर बाजूला काढतात. पण संगणक शिकतो तो माणसाने नावं लावलेल्या चित्रांवरून, आणि ताज्या अंड्यांच्या त्या मुक्या ढिगात माणूसच अडतो. मॅकरेलच्या पाहणीत भाग घेणाऱ्या देशांचे तज्ज्ञ म्हणूनच आधी कार्यशाळेत एकत्र बसतात, सगळे तीच अंडी स्वतंत्रपणे ओळखतात आणि उत्तरं ताडून बघतात. कोण कुठे चुकतं, कोणत्या दोन जातींत गोंधळ होतो, हे पाहणीपूर्वीच कळतं.

अंडं जिवंत असतानाच त्याचा फोटो काढावा, मोजमाप लिहावं, मग तेच अंडं अल्कोहोलमध्ये ठेवून डीएनए वाचावा, आणि फोटो, मोजमाप, डीएनए एकाच क्रमांकाखाली जपावं, ही रीत मला सगळ्यात योग्य वाटते. असं केलं तर डीएनएने पटलेलं नाव त्या फोटोला कायमचं चिकटतं, आणि पुढच्या वेळी तसं अंडं बशीत आलं की बघणाऱ्याच्या हाताशी पुरावा असतो. यात वेळ जातो, एका अंड्यामागे बराच खर्चही होतो. सूक्ष्मदर्शकापाशी बसायला नवी माणसं तयार व्हायला तर वर्षं लागतात, आणि त्या वर्षांसाठी पैसे मागताना दाखवायला हातात फारसं काही नसतं: काही बशा, काही चित्रं, आणि एका आकड्यामागचा विश्वास.